मँगनीज

अडतिसावा दिवस, आणि नाळ अजून पोटाला.
बारसं दोनदा पुढं ढकललेलं,
म्हणून नळीवरच्या चिठ्ठीत बाळाला नाव नाही:
'तुळसा मष्णू हुंदरे यांचं बाळ', मराठीत,
खाली तेच नर्सच्या कन्नड अक्षरात,
आणि हुंदरे दोन्हीकडं चुकलेला.

पांढऱ्या पेशी बासष्ट हजार.
यंत्र पुसून परत लावलं. बासष्ट हजार.
आणि बेंबीच्या लाल कडेला पुवाचा थेंब नाही.

पू म्हणजे कुणीतरी येऊन गेल्याची खूण.
इथं बासष्ट हजार जण दारावरून गेले
आणि एकालाही थांबता आलं नाही.

थांबणं सोपं नसतं.
धारेत पेशी भिंतीला अंग घासत गडगडत जाते.
जखमेपाशी भिंत तिला काहीतरी सांगते.
ते ऐकू जातं आत,
आणि आतून कुणीतरी रिसेप्टरचा पाय पकडतं.
तोवर तो गुडघ्यात मोडून, डोकं खाली घालून बसलेला.
मग उठतो, सरळ होतो, तळवा उघडतो, धरतो.
हे सगळं मी 'बेळगाव' म्हणेपर्यंत.

हात बाहेर असतो. हुकूम आतला.

पहिली तपासणी: हात आहेत का?
आलेखावरचा डोंगर जागच्या जागी. सगळे हजर.
'नॉर्मल,' कुलकर्णी सर म्हणाले, 'सोडून टाका रिपोर्ट.'
मी सोडला नाही.
बाळाच्या पायांवर मोहरीएवढे लाल ठिपके होते.
म्हणजे प्लेटलेटसुद्धा. मोजायला भरपूर,
धरायला एकही नाही.

रात्री साडेनऊ. शहापूरची शेवटची बस गेली असणार.
तुलनेला माझंच रक्त काढलं, डाव्या हाताचं,
आणि असं अँटीबॉडी घातलं
की जे फक्त उघडलेल्या हातालाच चिकटतं.
पेशींना चेतवलं.
माझा डोंगर उजवीकडं सरकला.
बाळाचा हलला नाही.
परत चेतवलं. नाही.

मग शेवटचा उपाय: मँगनीजचं मीठ, बाहेरून, थोडंसं.
ते आतल्या कुणाला विचारत नाही,
थेट हातालाच धरून उघडतं.

सरकला.

मी एकटीच होते, तरी मोठ्यानं म्हणाले, 'आहे की.'
हात धड होता गे.
त्याला आतून कुणी हाक मारत नव्हतं.

सकाळी मष्णू उद्यमबागेतून तसाच आलेला,
शर्टाच्या बाहीला ठिणग्यांची भोकं.
मी कागदावर पेशी काढली, हात काढला, मोडलेला गुडघा काढला.
तो मँगनीजपाशी थांबला.
'ते आमच्या भट्टीत पोत्यानं येतंय की.
मग घाला बाळाला.'
'नळीत चालतं. अंगात नाही.'
'थोडं?'
'थोडंही नाही.'
तो बराच वेळ त्या काढलेल्या हाताकडं बघत बसला.
मग मी नात्याचं विचारलं.
तुळसा आतेबहीणच त्याची.
'माणसं सुटू नयेत म्हणून केलंवतं,' म्हणाला,
आणि बाहीच्या भोकात बोट घालून फिरवत राहिला.

मगज बदलावा लागेल. वेल्लोर. जुळला तर बहिणीचा.

गोदू सहा वर्षांची, तेल लावून चापून घातलेल्या वेण्या.
'मूठ आवळ.' आवळली.
शीर दिसली, नळी भरली,
'आता सोड.' सोडेना.
'सोड गे, झालं.'
आत चिंच निघाली, चिकट, अर्धी चोखलेली.
'बाळाला आणलीय,' म्हणाली.

कापसाचा बोळा ठेवून दाबून धरला.
एक मिनिटानं उचलून बघितलं.
थांबलं होतं.
ठेवला, पुन्हा उचलला.
काही गरज नव्हती, तरी तिसऱ्यांदा उचलला.